नव्याण्णवांचं काय झालं?

८ मार्च, विराबिला

जनेल,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद. पत्र फाडायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, एवढा तरी त्याचा फायदा.

तू शहर सोडून गावात परत आल्याचं मला कॉल ब्रॅनिगनकडून कळलं. शेजाऱ्याकडून! मिल स्ट्रीटला बेकरीमागचं घर घेतलंस, दवाखान्यात कपडे धुण्याच्या विभागात लागलीस, इमोजेनला शाळेत घातलंस, सगळं कॉल सांगत होता आणि मी कुंपणाची तार ओढत 'हो, माहीत आहे' म्हणत होतो. गाव केवढं! एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला रुमाल काढतात. आणि बापाला मात्र शेजारी सांगतो.

सुपरमार्केटमध्ये मी तुला पाहिलं. तूही पाहिलंस. तू डबाबंद माशांच्या रांगेत शिरलीस आणि तिथेच उभी राहिलीस. तुला मासे लहानपणापासून आवडत नाहीत. मी दूध न घेताच निघून आलो, म्हणजे तुला बाहेर पडता यावं.

तुझ्या आईबद्दल मला परत वाद घालायचा नाही. पण घालतोच. तिला सिडनीच्या मोठ्या इस्पितळात नेलं नाही, चर्चच्या बायका येऊन प्रार्थना करत राहिल्या आणि मी बघत बसलो, हे तुझं म्हणणं. अगं, ती नको म्हणाली. तुझ्यासमोर म्हणाली. बेरिल पेथरिक एकदा नको म्हणाली की तिला तिच्या देवानेही गाडीत बसवलं नसतं. तिचा विश्वास देवावर, माझा तिच्यावर. ह्यात मी कोणाचं काय घोडं मारलं, ते मला अजून कळलेलं नाही.

इमोजेन माझ्या मांडीवर बसायची तेव्हा तिला आजोबाला 'पॉप' अशी हाक नीट मारता यायची नाही. आता कशी दिसते, उंच झाली का, एवढं तरी कळव.

बुधवारी सकाळी गावात थोडं काम धरलं आहे. पगारी नाही. काय ते मग सांगेन.

डॅड

१० मे

जनेल,

तुझ्याकडून काही नाही. बरं.

त्या बुधवारच्या कामाचं सांगतो. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळलेलं बरं. हसू नकोस. किंवा हस, निदान हस तरी.

मी तुझ्या आईचा वर्ग घेतला आहे. शाळेतला धर्मशिक्षणाचा तास. पहिली-दुसरीची मुलं.

होय, मीच. आईला दर रविवारी चर्चच्या दारात सोडून गाडीत क्रिकेट ऐकत बसणारा. आई गेल्यापासून तो तास कोणी घेत नव्हतं. नोएला फ्रॅम्प्टन तुला आठवत असेल, टोपीवाली, तुझ्या लग्नात तुझ्या आईपेक्षा जास्त रडली ती. आता गावातल्या शाळांसाठी शिकवणारी माणसं तीच गोळा करते. तिने मला चर्चच्या हॉलमध्ये बसवून विचारलं, "मर्व्ह, स्पष्ट सांग. तू येशूला मानतोस का?"

"बेरिल मानायची. तेवढ्यावर भागेल का?"

"नियमाने नाही भागत."

"मग नियमाने दुसरं कोण आहे तुझ्याकडे?"

तिने चष्मा काढून पुसला. दुसरं कोणी नव्हतं. फुकट काम, वर पोलिसांकडून चौकशी आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण, कोण येणार? मुलांना कसं बसवायचं, हात कुठे ठेवायचे, एकट्या मुलाबरोबर खोलीत थांबायचं नाही, चर्चने ठरवलेल्या पुस्तकाबाहेर एक शब्द काढायचा नाही, सगळं शिकलो. जन्मभर मेंढ्या कातरल्या, तेव्हा कोणी चौकशी केली नाही. आता छातीवर नावाचा बिल्ला आहे.

नोएलाला मी म्हटलं की बेरिलचा वर्ग बंद पडू नये म्हणून करतोय. ते खरं आहे. पण अर्धंच, आणि तुला उरलेलं अर्धं सांगितलं नाही तर ह्या पत्राला अर्थ नाही.

माझ्या खोलीसमोर वाचनालय आहे. मधे फक्त व्हरांडा. ज्यांच्या घरून ह्या तासाला 'नाही' आलेलं असतं ती मुलं तेवढा वेळ तिथे बसतात, चित्रं रंगवतात. तू 'नाही' लिहिणार हे मला माहीतच होतं. इमोजेन खिडकीजवळ बसते. काचेतून दिसते. केस तुझ्या आईसारखे, मानेवर भोवरा तुझ्यासारखा.

मी तिच्याशी बोललेलो नाही. हात हलवलेला नाही. तिने मला दोनदा पाहिलं आणि परत रंगवायला लागली. तिच्या लेखी मी छातीवर बिल्ला लावलेला कोणी म्हातारा. तू नाही म्हटलंस, तो तुझा हक्क आहे, मी तो मोडणार नाही. पण काचेतून बघायला मनाई आहे असं त्या दोन दिवसांत कोणी शिकवलं नाही.

डॅड

१४ जून

जनेल,

आज धुकं होतं आणि वर्गात हीटर चालत नव्हता. आज हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. तुला आठवत असेल, आई ती सांगायची तेव्हा मी स्वयंपाकघरातून हसायचो. मेंढपाळाकडे शंभर मेंढरं, एक हरवतं, तो नव्याण्णव तिथेच टाकून त्या एकाला शोधायला जातो.

पुस्तकात लिहिलंय, मुलांना विचारा, मेंढपाळाला कसं वाटलं असेल? विचारलं. डार्सी ब्रॅनिगन, कॉलची नात, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. आजोबाच उभा राहिल्यासारखा वाटला.

"वेडा होता तो."

"का गं?"

"नव्याण्णव मेंढ्या उघड्यावर टाकून कोण जातं? कोल्हे नाहीत का तिथे?"

"आधी फाटक लावायचं," मागून एक बोलला, "मग जायचं शोधायला."

"आणि एकच गेली तर जाऊ दे म्हणतात माझे डॅड. एकीसाठी कोण पेट्रोल जाळतं?"

सगळा वर्ग मेंढपाळावर तुटून पडला. शहरातून कोणी शिकवायला आलं असतं तर घाबरलं असतं. मी काय बोलणार? पोरं बरोबर बोलत होती. चालायला लागल्यापासून मला हेच शिकवलंय आणि मी तुला तेच शिकवलं: गाडीत शेजारी बसेल त्याने उतरून फाटक उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं, कडी लागली का हलवून बघायचं, मगच परत गाडीत बसायचं. तुझे हात कडीला पुरेनात तेव्हापासून तू उतरायचीस. मी उतरू लागलो तर रडायचीस.

"पण मग त्या नव्याण्णवांचं काय झालं?" डार्सीने विचारलं.

पुस्तकात नाही. कुठेच नाही, मी घरी येऊन आईच्या बायबलमध्ये पाहिलं. मी तिला म्हटलं, पुढच्या खेपेला सांगतो. मग ती म्हणाली, "मिस्टर पेथरिक, देव खरंच आहे का?"

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ह्याचं उत्तर दिलं होतं. मला आठवलं नाही. मी म्हटलं, "मिसेस पेथरिकना खरा वाटायचा. आणि मला मिसेस पेथरिक खऱ्या वाटायच्या." तिला ते पटलं. खाली बसली.

इमोजेनचा पुढचा दात पडलाय. मला कोणी सांगितलं नाही, काचेतून दिसलं.

मुलं कमी होत चालली आहेत. वर्षारंभी खोली भरायची, आता एक गालिचा पुरतो. एकेका घरून 'नाही' येतं आणि मूल समोर वाचनालयात जाऊन बसतं. माझ्याकडे कोणीच उरलं नाही की तास बंद. मग बुधवार बंद, काच बंद. जनेल, मी हे पाद्र्याला सांगू शकत नाही, नोएलाला तर नाहीच, म्हणून तुला सांगतो: ह्या वयात मी मनापासून प्रार्थना केली ती एवढीच की दुसरीतल्या जुळ्यांचं घर बदलू नये, नाहीतर एकदम दोघं कमी होतील.

एका ओळीचं उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल.

डॅड

१६ ऑगस्ट

जनेल,

आज काय झालं ते आधी मी सांगतो. तुला आवडेल असं वाटतंय. मी दुपारपासून घरात येरझाऱ्या घालतोय आणि एकटाच हसतोय.

पुस्तकात सूचना आहे, शक्य तिथे वस्तू दाखवून शिकवा. म्हणून मी कोकरू नेलं. ह्या मोसमात एक पोरकं झालंय, डावा कान कावळ्याने फाडलेला. बाटलीवर वाढवतोय. हरवलेल्या मेंढराची उजळणी होती. शाळेच्या ऑफिसात विचारलं तर तिथल्या बाईच आधी त्याला मांडीवर घेऊन बसल्या. वर्गात आणलं तर पोरांनी खोली डोक्यावर घेतली. हवा यावी म्हणून दार उघडं होतं.

आणि आवाज ऐकून वाचनालयातली मुलं व्हरांड्यात आली. त्यांच्या बाई त्यांना परत बोलावत होत्या. सगळी गेली. एक गेली नाही.

दारात उभी राहून म्हणाली, "त्याला नाव आहे?"

"नाही अजून."

"बिस्किट ठेवा."

जनेल, मी काय करायला हवं होतं? मी बाटली पुढे केली. ती आत आली, गालिच्यावर बसली. बाटली कशी धरायची ते मी दाखवलं, तिच्या हाताला हात न लावता. कोकरू शेपूट हलवायला लागलं तशी ती इतकी हसली की पडलेल्या दाताची जागा दिसली. मुलं गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून मागे लागली. मी सांगितली. मेंढरू हरवलं, मेंढपाळ शोधत निघाला.

"ते हरवलं नव्हतं," इमोजेन म्हणाली. कोकरावरून नजर न हलवता. "रागावून गेलं होतं."

डार्सी म्हणाली, "मेंढ्या रागावत नाहीत."

"रागावतात. मी रागावले की कपाटामागे जाऊन बसते."

"मग तुला कोण शोधतं?" मी विचारलं. पुस्तकाबाहेरचा प्रश्न होता.

"शोधत नाही कोणी. मम्मीला माहीत असतं मी कुठे आहे ते. ती येऊन कपाटाबाहेर बसते. बोलत नाही काही. मग मी निघते."

मी पुस्तकाचं पान उलटलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात वाचनालयाच्या बाई आल्या आणि तिला हाताला धरून घेऊन गेल्या. जाताना म्हणाली, "बाय, बिस्किट." मला नाही म्हणाली. तिला कुठे माहीत आहे?

तू फार छान वाढवते आहेस तिला. आई असती तर म्हणाली असती. ती नाही, म्हणून मी म्हणतो.

डॅड

२५ ऑगस्ट

जनेल,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सोमवारी शाळेच्या फाटकापाशी तू जे बोललीस ते अर्ध्या गावाने ऐकलं, त्याचं मला काही नाही. पण तू बोलत होतीस आणि मी तुझा चेहरा बघत होतो. इतक्या दिवसांनी इतक्या जवळून. त्यामुळे तुला वाटलं असेल म्हातारा ऐकतच नाही. मी सगळं ऐकलं. शब्द न् शब्द पाठ आहे.

"मी 'नाही' लिहून दिलं होतं. एक शब्द. तोही वाचता आला नाही तुम्हाला?"

"कोकरू बघायला आली गं ती."

"आईला त्यांनी प्रार्थनेवर ठेवलं, आता तुम्ही माझ्या पोरीला कोकरावर ठेवा! रात्रभर विचारत होती, देव रागावलेल्यांना शोधतो का. काय सांगू मी तिला? तिला माहीतसुद्धा नाही तुम्ही कोण ते, आणि तिच्यासमोर बिल्ला लावून उभे राहिलात. त्यांचा बिल्ला!"

मग मी मूर्खासारखं म्हणालो की घर तुला कधी बंद नव्हतं. आणि तू हसलीस. ते हसणं मला नको होतं.

"घर? आईला पुरून आलो त्या दिवशी मी निघाले तेव्हा फाटक उघडं टाकून निघाले. मी. जिने जन्मात कधी फाटक उघडं टाकलं नाही. तुम्ही मागे याल म्हणून टाकलं. आरशात बघत होते. तुम्ही आलात. धावत आलात, डॅड! आणि फाटक लावलंत."

"मेंढ्या बाहेर पडल्या असत्या, जनेल!"

"तेच म्हणतेय मी."

एवढं बोलून तू गाडीत बसलीस. जाताना काच खाली करून सांगितलंस की सत्र संपलं की तुम्ही दोघी पर्थला चाललात, तुझ्या मैत्रिणीकडे, कायमच्या. देशाच्या दुसऱ्या टोकाला.

जनेल, आईला पुरलं त्या दिवशी मला वाटलं तू रागाच्या भरात फाटक आपटायचंही विसरलीस. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. उघडं फाटक दिसलं की पाय आपोआप पळतात. वडील वारले त्या दिवशीसुद्धा मी आधी फाटक लावून आलो होतो. तू माझीच पोर, तुला हे ठाऊक असायला हवं होतं. आणि तुला ठाऊक होतं म्हणूनच तू ते उघडं टाकलंस, हे मला आज कळतंय. वरातीमागून घोडं.

मला वर्गातून काढलं आहे. बरोबरच केलं. मुख्याध्यापक चांगला माणूस आहे, माझी नजर चुकवत बोलत होता. माझ्यानंतर कोणी नाही, म्हणजे तुझ्या आईने इतकी वर्षं चालवलेला तास मी एका कोकरात घालवला. नोएला ओरडली नाही. रडली. ओरडली असती तर बरं झालं असतं. आणि डार्सीला नव्याण्णवांचं काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. दार हवेसाठी उघडं नव्हतं. ऑगस्टच्या थंडीत हवेसाठी दार कोण उघडतं!

जाऊ नकोस.

डॅड

६ सप्टेंबर

जनेल,

हे माझं मागणं आहे. ह्यात वाद नाही.

मेंढ्या मी कॉलच्या कुरणात सोडल्या. सगळ्या. त्याच्याकडे पाणी आहे, गवत आहे, सांभाळील. त्याला वाटलं मला काहीतरी मोठा आजार झालाय. मग त्याला घेऊन फाटकापाशी गेलो, दोघांनी मिळून ते बिजागऱ्यांवरून उचललं आणि शेडमागे टेकवून ठेवलं.

"मर्व्ह, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" कॉल म्हणाला. "बिनफाटकाची जागा! लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, पेथरिक गेला कामातून."

"मग बरोबरच म्हणतील."

त्याने एक खांब हलवून पाहिला. तुझा जन्म झाला त्या साली आम्ही दोघांनीच ते फाटक बसवलं होतं. शेवटी म्हणाला, "ती येणार नाही रे." मी म्हटलं, "तिने यावं म्हणून काढलं नाही. ती आली आणि परत निघाली, तर माझे पाय फाटकाकडे पळायला नकोत म्हणून काढलं." त्याला कळलं नाही. तुला कळेल.

आता घराभोवती आवाज नाही. मेंढ्या नसल्या की एवढी शांतता होते हे मला माहीत नव्हतं. बिस्किट तेवढं ठेवलंय, व्हरांड्यात. मी दिसलो की हाका मारतं, नाही दिसलो की जास्त मारतं.

मला वर्ग नको, बिल्ला नको, काच नको. इमोजेनला मी कोण ते सांगू नकोस हवं तर. कोकरू सांभाळणारा म्हातारा म्हणून भेटव. देवाचा एक शब्द काढणार नाही. मला तसंही त्यातलं काही कळत नाही, मी फक्त तिला जवळून बघायला देवाच्या दाराने आत शिरलो होतो. तुझ्या आईच्या देवाने माझ्यासाठी एवढं तरी करावं असं वाटलं. तो करीत होताही. मीच घाई केली.

किंवा भेटवूही नकोस. तू एकटी ये. व्हरांड्यात बस. मी बोलणार नाही. तुझी पोर म्हणाली तसं, बाहेर नुसता बसून राहीन.

मी भीक मागतो आहे, हे तुला दिसावं म्हणून सरळ लिहितो. जनेल, मी ह्या वयात पर्थला कसा येऊ? आणि आलो तरी कोणत्या खिडकीसमोर उभा राहू?

शनिवारी सकाळी नोएलाकडे पुस्तकं आणि बिल्ला परत द्यायला जायचं आहे. तेवढा वेळ सोडला तर मी घरीच आहे. रोज. दिवसभर.

डॅड

९ सप्टेंबर, शनिवार, दुपार

जनेल,

आताच घरी आलो. पोस्ट बंद झालंय, पण हे पत्र थांबवता येण्यासारखं नाही. कॉल गावात चाललाय, त्याच्या हाती तुझ्या पेटीत टाकतो.

व्हरांड्यात कोकरू नाही. बाटली नाही. आतली दुधाच्या पावडरीची पिशवी जागेवर आहे.

आधी कोल्हाच मनात आला. मग वाटेपर्यंत चालत गेलो. जिथे फाटक होतं तिथे गाडी थांबल्याच्या खुणा आहेत. अडवायला तिथे काही नाही, तरी थांबली. आणि डाव्या बाजूला, शेजारी बसणारा उतरतो तिथे, छोट्या बुटांच्या खुणा आहेत. उतरून दोन्ही खांबांच्या मधे येऊन उभी राहिली आहे. उघडायला काही सापडलं नसेल तिला. तिथून पुढे चाकं घरापर्यंत आलीत आणि परत गेलीत.

तिला उतरायला तू शिकवलंस. शहरात राहून शिकवलंस.

मी घरी नसेन ती वेळ मीच तुला कळवली होती. ती साधून आलीस, का मी असेन म्हणून लवकर आलीस आणि मी निघून गेलेलो होतो, मला माहीत नाही. मी विचारत नाही. नोएलाने चहा पिऊन जा म्हटलं आणि मी बसलो. दोन कप प्यायलो मी, जनेल. तिच्या स्वयंपाकघरात बसून केक कसा झालाय ते सांगत होतो.

पर्थच्या फ्लॅटमध्ये मेंढी ठेवू देत नाहीत, एवढं मला समजतं. म्हणून मला काही समजत नाहीये. तेही विचारत नाही.

आता कोकराचं नीट वाच. पावडर न्यायला विसरलात; कॉलच्या हाती पिशवी पाठवतो आहे. गायीचं दूध देऊ नकोस, पोट फुगतं. पाणी कोमट, मनगटावर थेंब टाकून बघ, इमोजेनच्या वेळी बघायचीस तसं. दूध पाजताना त्याला उताणं मांडीवर घ्यायचं नाही, सगळी मुलं तेच करतात. चार पायांवर उभं राहू दे, मान वर, बाटली तिरकी. शेपूट हलते तोवर दूध पोटात जातंय असं समज. थांबली की बाटली काढ, कितीही ओरडलं तरी. ते पोट भरल्यावरही ओरडतं. फाटलेल्या कानाला हात लावू देत नाही, पण मागून हळूच लावला तर देतं. चरायला दिवसा सोड. रात्री आत घे आणि दार आठवणीने लाव, मिल स्ट्रीटलाही कोल्हे येतात.

इमोजेनला डोकं खाजवायला सांग, शिंगं येतात त्या जागी. तिथे त्याला आवडतं.

बुटांच्या खुणांवर मी बादल्या पालथ्या घातल्या आहेत. दुपारचा वारा सुटलाय.

कॉल बाहेर हॉर्न वाजवतोय. फाटक परत बसवलेलं नाही.

डॅड